मन उदास असताना ‘टॉप सीक्रेट!’ पुन्हा कसा पाहावा

मन खचलेले असले की आपण काहीतरी हलकेफुलके पाहायला बसतो आणि बहुधा काय पाहावे हे शोधण्यातच अर्धा तास घालवून काहीही न पाहता उठतो. हा अनुभव ओळखीच्या इतक्या जणांनी मला सांगितला आहे की त्यावर मी स्वतः करतो तो उपाय एकदा सविस्तर लिहून ठेवावा, असे वाटले. अशा संध्याकाळी नवीन काही शोधण्याच्या फंदात पडू नये. पूर्वी पाहिलेला, आवडलेला आणि हेरपटांचे विडंबन करणारा एखादा जुना विनोदी चित्रपट काढावा आणि तो ठरवून, नीट बसून, शेवटपर्यंत पाहावा. माझ्यापुरता तो चित्रपट म्हणजे १९८४ सालचा ‘टॉप सीक्रेट!’. पुढच्या सगळ्या सूचना मी त्याच्याच आधाराने देत आहे, कारण तो मी अनेकदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचा उपयोग झाला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे उदासी म्हणजे कामाचा शीण, एखादे अपयश, घरातले दुःख किंवा उगीचच आलेली मरगळ, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर चित्रपटावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. भारतात असाल तर शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

पाहिलेलाच चित्रपट का निवडावा, याचे कारण साधे आहे. नव्या चित्रपटात पात्रे ओळखावी लागतात, धागे लक्षात ठेवावे लागतात, पुढे काय होणार याचा ताण सोसावा लागतो, आणि थकलेल्या मनाजवळ तेवढी शिल्लक नसते. पाहिलेल्या चित्रपटात नायक वाचणार हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे नजर कथेतून मोकळी होते. विडंबनपटाची खरी दौलत तर कथेबाहेरच असते: चौकटीच्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीवर, बोलणाऱ्या पात्राच्या पाठीमागून जाणाऱ्या माणसाच्या हातात. उदास मन सतत स्वतःकडे पाहत असते आणि त्याला बाहेर बघायला लावणे हेच खरे काम आहे. ‘टॉप सीक्रेट!’ ते काम करतो, कारण जो बारकाईने पाहील त्यालाच त्याचे निम्मे विनोद दिसतात. म्हणून या लेखात ‘कसे हसावे’ याबद्दल मी काहीच सांगणार नाही; डोळे कोठे ठेवावेत, एवढेच सांगणार आहे.

चित्रपटाची थोडी ओळख करून देतो, म्हणजे बसण्यापूर्वी उजळणी होईल. जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू अशा तिघांनी तो दिग्दर्शित केला. या त्रयीचा १९८० सालचा विमानप्रवासावरचा विडंबनपट प्रचंड चालला होता. त्या मानाने ‘टॉप सीक्रेट!’ला चित्रपटगृहांत फारच बेताचा प्रतिसाद मिळाला, आणि त्याचे चाहते पुढे घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींमुळे वाढत गेले. नायक व्हॅल किल्मर याचा हा पहिलाच चित्रपट. निक रिव्हर्स नावाचा अमेरिकन रॉक गायक पूर्व जर्मनीतल्या एका सांस्कृतिक महोत्सवासाठी येतो. हा महोत्सव म्हणजे जगाचे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी रचलेला देखावा असतो, आणि त्याआड नाटो राष्ट्रांच्या पाणबुड्या नष्ट करण्याचा कट शिजत असतो. त्यासाठी लागणारा पाणसुरुंग बनवण्यासाठी डॉ. फ्लॅमंड या शास्त्रज्ञाला कैदेत ठेवलेले असते. त्याची मुलगी हिलरी निकला भेटते, दोघे भूमिगत प्रतिकारकांना जाऊन मिळतात आणि शास्त्रज्ञाला सोडवण्याचा खटाटोप सुरू होतो. एवढी कथा लक्षात असली की पुरे. मध्येच धागा सुटला तरी मागे जाऊन शोधत बसू नये, कारण दिग्दर्शकांनीही कथेला खुंटीपेक्षा जास्त मान दिलेला नाही, आणि त्या खुंटीला टांगलेल्या वस्तू पाहण्यासाठीच आपण बसलेलो असतो.

उजळणीत आणखी एक गोष्ट घ्यावी: विडंबन कशाचे आहे ते. शाळेत पाठ केलेल्या कवितेचे विडंबन कानावर पडले की मूळ ओळ आपोआप मनात घुमते आणि त्या दोन ओळींच्या अंतरातच हसू येते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. या चित्रपटात एकावर एक अशा दोन मूळ कविता आहेत. पहिली म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले भूमिगत प्रतिकाराचे चित्रपट: धुक्यातली रेल्वे स्थानके, लांब कोटातले अधिकारी, परवलीचे शब्द, फितूर झालेला साथीदार. दुसरी म्हणजे एल्व्हिस प्रेस्लीचे गाण्यांचे चित्रपट, ज्यात नायक कोठेही गेला तरी त्याला गिटार मिळते आणि मुली किंचाळतात. चित्रपट तयार झाला तेव्हा पूर्व जर्मनी हे अस्तित्वात असलेले राष्ट्र होते, बर्लिनची भिंत पडायला अजून पाच वर्षे होती. तरीही पडद्यावरचे अधिकारी महायुद्धातल्या नाझी चित्रपटांतून उठून आल्यासारखे वागतात आणि फ्रेंच प्रतिकारक जर्मनीत वावरतात. ही सरमिसळ हेतुपुरस्सर केलेली आहे. इतिहास जुळत नाही म्हणून अडखळणाऱ्या प्रेक्षकाला ही गंमत मिळत नाही. ज्यांनी असे जुने युद्धपट मुळीच पाहिलेले नाहीत त्यांनी आदल्या एखाद्या दिवशी १९४० च्या दशकातला कोणताही एक पाहून ठेवावा; विडंबनाची गोडी त्याने निश्चित वाढते.

आता प्रत्यक्ष बसण्याची तयारी. चित्रपट दीड तासाचा आहे, त्यामुळे रात्री आठच्या सुमारास सुरू केला तर झोपेवर त्याचा ताण येत नाही. जेवण आधी उरकून घ्यावे. अंथरुणावर आडवे होऊन पाहू नये, कारण उदासीत आपण आधीच बराच वेळ आडवे असतो. खुर्चीत किंवा भिंतीला पाठ टेकून सतरंजीवर बसावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि ही सूचना मी आग्रहाने करतो आहे. मिनिटाला दोन-तीन विनोद पेरलेल्या चित्रपटात नजर दहा सेकंद खाली गेली तर काय निसटले हेही कळत नाही. आवाज इअरफोनऐवजी खोलीत ऐकू येईल असा ठेवावा, म्हणजे घरातले दुसरे माणूस सहज येऊन बसू शकते. इंग्रजी उपशीर्षके जरूर लावावीत. पात्रांचे उच्चार मुद्दाम जाडेभरडे ठेवलेले आहेत आणि शब्दांच्या कोट्या भराभर येतात. एका उपाहारगृहातल्या प्रसंगात ‘मला थोडे जर्मन येते’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य ‘मी एका बुटक्या जर्मन माणसाला ओळखतो’ असेही ऐकू येते, आणि लगेच तो बुटका जर्मन माणूस पडद्यावर हात हलवतो. कानाने निसटलेली अशी कोटी डोळ्यांनी वाचता येते.

याच संदर्भात एक ठाम सूचना: या चित्रपटाचे तुकडे फोनवर पाहून समाधान मानू नये. त्यातले गाजलेले प्रसंग सुटे पाहायला मिळतात आणि ते पाहून हसूही येते, परंतु ते हसू पुढचा तुकडा सरकवण्याइतकेच टिकते. सेनाधिकाऱ्याच्या कचेरीतला दूरध्वनीचा प्रसंग घ्या. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात टेबलावर दूरध्वनी आहे, अधिकारी दूर मागे उभा आहे. पुढ्यातली वस्तू मोठी आणि मागचा माणूस लहान दिसावा, ही हेरपटांची नेहमीची मांडणी; शेकडो चित्रपटांत आपण ती पाहिलेली असते, म्हणून त्या प्रचंड दूरध्वनीकडे आपण लक्षच देत नाही. घंटी वाजते, अधिकारी चालत पुढे येतो, रिसीव्हर उचलतो, आणि तो रिसीव्हर खरोखरच त्याच्या हातात न मावणारा अजस्र निघतो. हा विनोद कसा चालतो ते पाहा: त्याआधी सगळे दृश्य गंभीर असावे लागते आणि आपली नजर त्या मांडणीला सरावलेली असावी लागते. फोनच्या पडद्यावर, आधीपासून ‘आता विनोद येणार’ या तयारीने पाहिले तर ही पायरीच नाहीशी होते.

पुन्हा पाहताना मी एका बैठकीसाठी एकच काम ठरवतो. एका वेळी फक्त चेहरे पाहतो, एका वेळी फक्त मागची बाजू, एका वेळी संगीत. सगळे एकदम पाहू गेल्यास काहीच हाती लागत नाही आणि थकवा येतो. हे काम बसण्यापूर्वीच ठरवावे.

चेहऱ्यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. या त्रयीच्या चित्रपटांचा प्राण असा की पडद्यावरच्या कोणालाही आपण विनोदी चित्रपटात आहोत हे ठाऊक नसते. कोणी डोळा मारत नाही, कोणी हसू दाबत नाही. त्यासाठी त्यांनी गंभीर भूमिकांत मुरलेले नट निवडले. ओमर शरीफ येथे हेर आहे आणि त्याच्यावर एकामागून एक भयंकर प्रसंग ओढवतात. चेंदामेंदा झालेल्या मोटारीसकट चालत येतानाही त्याच्या चेहऱ्यावर वाळवंटातल्या महाकाव्यात शोभेल असा मान असतो. पीटर कुशिंग, मायकेल गॉफ, जेरेमी केम्प, वॉरन क्लार्क हे ब्रिटिश रंगभूमीवर आणि पडद्यावर वाढलेले नट संवाद असे म्हणतात की जणू ऐतिहासिक नाटक चालू आहे. प्रतिकारकांपैकी एकाची भूमिका जिम कार्टरने केली आहे. इंग्लंडमधल्या सरदार घराण्यावरच्या गाजलेल्या मालिकेतला करारी बटलर म्हणून पुढे जगाने त्याला ओळखले, आणि येथे तरुणपणीचा तो दिसला की जुना शेजारी भेटल्याचा आनंद होतो. एका बैठकीत कोणत्याही एका नटाचा चेहरा धरून राहावे आणि विनोद त्याच्या अंगावरून जात असताना त्याची पापणीसुद्धा कशी लवत नाही ते पाहावे. ज्याला अभिनयाची आवड आहे त्याच्यासाठी ही शिकवणी आहे.

दुसऱ्या बैठकीत मागची बाजू. आगगाडीच्या प्रसंगात नायक डब्यात बसला आहे, खिडकीतून स्थानक दिसते, शिट्टी होते, स्थानक हळूहळू मागे सरकू लागते. गाडी सुटली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गाडी जागच्या जागी उभी असते आणि फलाट आपल्या माणसांसकट चाकांवरून निघून गेलेला असतो. बागेत पुतळा आहे तो कबुतराचा, आणि त्यावर येऊन बसतात ती माणसे. पाठलागाच्या प्रसंगात लष्करी गाडी कशीबशी ब्रेक लावत समोर उभ्या असलेल्या एका छोट्या मोटारीला जेमतेम टेकते, आणि भयंकर स्फोट होतो. येथे संदर्भ ठाऊक असावा लागतो: ती मोटार म्हणजे फोर्ड पिंटो. मागून धडक बसली तर इंधनाची टाकी फुटून आग लागण्याच्या धोक्यामुळे कंपनीने १९७८ मध्ये या मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, आणि त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला नुसती ती मोटार दिसताच पुढचे कळत असे. मला हे कितीतरी वर्षे माहीत नव्हते. कळल्यानंतर तो प्रसंग मला नव्याने मिळाला. पाहताना न समजलेला असा एखादा विनोद कागदावर टिपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शोध घ्यावा. पुढच्या बैठकीसाठी ती शिदोरी होते.

मात्र स्वीडिश पुस्तकांच्या दुकानाच्या प्रसंगाला स्वतंत्र वेळ द्यावा. निक आणि हिलरी दुकानात येतात, म्हातारा दुकानदार, म्हणजे पीटर कुशिंग, डोळ्यासमोर भिंग धरून वर पाहतो. भिंगातून डोळा मोठा दिसतो, त्यात नवल काही नाही; मग तो भिंग खाली घेतो आणि डोळा तेवढाच मोठा राहतो. येथवर दूरध्वनीचाच प्रकार. त्यानंतर तिघे स्वीडिश भाषेत बोलू लागतात आणि पडद्यावर भाषांतर येत राहते, पण सगळ्यांच्या हालचालींत काहीतरी चमत्कारिक असते. कारण हा सबंध प्रसंग उलटा चित्रित केलेला आहे. नटांनी शेवटापासून सुरुवातीकडे असा तो न थांबता, एकाच सलग चित्रणात वठवला आणि फीत उलटी चालवली. उलटे झालेले शब्द कानाला स्वीडिशसारखे लागतात. निक पुस्तक उंच फळीवर अचूक भिरकावतो, तेव्हा प्रत्यक्षात ते वरून पडलेले आणि त्याने झेललेले असते. तो खांबावरून सरसर वर जातो, तेव्हा प्रत्यक्षात खाली घसरलेला असतो. हा प्रसंग पहिल्यांदा नेहमीसारखा पाहावा. मग चित्रपट थांबवून तेवढाच भाग मागे न्यावा आणि या वेळी मनात प्रत्येक हालचाल उलटी करून पाहावी: हे पाऊल खरे कोठून कोठे पडले, हा हात खरे काय करत होता, ही मान आधी वळली की नंतर. दोन-तीन मिनिटांचे हे काम इतके गुंतवून टाकते की दुसरे काहीही मनात शिरत नाही. वाईट दिवसांत मी केवळ एवढ्यासाठी हा चित्रपट लावला आहे. आज संगणकावर जे चुटकीसरशी होईल ते या लोकांनी घरचा अभ्यास करून, पाठांतर करून, घाम गाळून केले, आणि ते सगळे कष्ट केवळ आपण हसावे म्हणून. कष्ट करून हसवणाऱ्या माणसांविषयी मला अतिशय आदर वाटतो.

संगीताच्या बैठकीत डोळे थोडे मिटले तरी चालतात. पार्श्वसंगीत मॉरिस जार यांचे आहे. ज्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ने १९६२ मध्ये ओमर शरीफला जगापुढे आणले, त्याचे संगीत यांचेच. ‘टॉप सीक्रेट!’ ज्या वर्षी आला त्याच १९८४ साली आलेल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या भारतातल्या कथेवरच्या चित्रपटाचे संगीतही यांनीच दिले आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाला. अशा माणसाने येथे एकही सूर गमतीदार वाजवलेला नाही. वाद्यवृंद खऱ्या युद्धपटातल्यासारखा धीरगंभीर चालतो आणि त्यामुळे पडद्यावरचा मूर्खपणा दुपटीने उठून दिसतो. गाणी मात्र किल्मरने स्वतः गायली आहेत. सुरुवातीचे गाणे समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरता घसरता बंदुकीने मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या तरुणांचे आहे, आणि उदास संध्याकाळी पहिल्या दोन मिनिटांत हे गाणे येते ही मोठी सोय आहे, कारण ते संपेपर्यंत आपण उठून जाण्याचा विचार सोडलेला असतो.

सोबत कोण असावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. शक्यतो ज्याने चित्रपट पाहिलेला नाही असे एक माणूस असावे, आणि आपण तोंड बंद ठेवावे. ‘आता बघ हं’ हे तीन शब्द विनोदाचा जीव घेतात. मला याचा एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी वडील गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि साताऱ्याच्या घरात आई, ताई आणि मी असे तिघेच उरलो. संध्याकाळी दिवे लावल्यानंतर काय करावे हे कोणालाच कळेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताई म्हणाली, “तुझा तो गाईचा पिक्चर लाव.” आई आतल्या खोलीत पडली होती म्हणून आम्ही आवाज कमी ठेवला. प्रतिकारक गाईचे सोंग घेऊन शत्रूच्या ठाण्याकडे जातात, त्या प्रसंगी पडद्यावर जी दिसते ती सोंगातली नसते, खरीखुरी गाय असते, आणि तिच्या चारही पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असतात. ताई हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाली. तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. आम्हाला अपराधी वाटले. आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला, क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “अरे, त्या गाईला बूट घातलेत की!” मग ती खाली बसली आणि बारकाईने पाहू लागली. तिच्या माहेरी गोठा होता. “बघ, पाय कसा झटकत नाही ती. चार दिवस तरी सवय केली असणार तिला. जनावर असं उगाच ऐकत नाही,” असे ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास इंग्रजीचे एक अक्षर कळत नसताना आमच्याबरोबर बसून राहिली. त्या गाईला कोणी आणि कसे शिकवले असेल, यावर त्या रात्री जेवताना आम्ही बोललो. वडिलांचे आजारपण सोडून दुसऱ्या विषयावर त्या घरात कित्येक आठवड्यांनी बोलणे झाले होते.

दुःखाच्या दिवसांत हसू आले की अपराधी वाटते, ही आपल्याकडची फार खोल रुजलेली भावना आहे. तिच्याशी भांडत बसू नये. हसू आले तर येऊ द्यावे, डोळे भरून आले तर तेही येऊ द्यावेत. चित्रपट थांबवण्याची गरज नाही, तो चालू राहतो आणि पाचेक मिनिटांत आपल्याला परत आत घेतो. आणि एखाद्या संध्याकाळी मुळीच हसू आले नाही, तरी दीड तास लक्ष बाहेर राहिले हा लाभ होतोच. हसण्याचा हिशेब ठेवू नये.

काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. शेवटच्या तिसऱ्या भागात चित्रपट सैल होतो. हिलरी आणि तिचा बालमित्र यांची निर्जन बेटावरची पूर्वकथा आली की कथा रेंगाळते. तेथे चहा करायला उठावे, पण पाण्याखालच्या मारामारीपूर्वी परत यावे. नदीच्या तळाशी संपूर्ण पाश्चात्त्य पद्धतीचा दारूचा गुत्ता उभारलेला आहे आणि नायक व खलनायक खुर्च्या-टेबलांवरून एकमेकांना ठोसे देतात. पाण्यामुळे प्रत्येक ठोसा संथ, जवळजवळ नृत्यासारखा होतो. हा प्रसंग खरोखर पाण्याखाली चित्रित केला आहे, हे ध्यानात ठेवून पाहावा. काही विनोद आज खटकतात. कृष्णवर्णीय प्रतिकारकाला दिलेले खाद्यपदार्थाचे नाव मला आवडत नाही, आणि स्त्रियांविषयीच्या दोन-तीन कोट्या जुनाट वाटतात. काही विनोद उघडउघड लैंगिक आहेत, त्यामुळे लहान मुलांना घेऊन बसण्याचा हा चित्रपट नाही.

दीड तास बसण्याचीही उमेद नसेल अशा दिवसासाठी याच जातीची लहान मात्रा आहे: मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांनी निर्माण केलेली ‘गेट स्मार्ट’ ही अमेरिकन मालिका. १९६५ ते १९७० या काळात तिचे १३८ भाग झाले आणि प्रत्येक भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. डॉन अ‍ॅडम्सचा हेर बुटाच्या तळव्यातल्या दूरध्वनीवर बोलतो. गुप्त चर्चेसाठी छतावरून एक पारदर्शक घुमट खाली येतो. आत बसलेल्या दोघांना त्यात एकमेकांचे काहीच ऐकू येत नाही. एक भाग पाहावा आणि बंद करावे. एकामागून एक सहा भाग पाहिले तर विनोदाची सवय होते आणि दुसऱ्या दिवशी डोके जड होते. ‘टॉप सीक्रेट!’च्या बाबतीतही हेच पथ्य मी पाळतो. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. उगाच, मन चांगले असताना तो लावत नाही. घरात ठेवलेल्या औषधासारखा जपतो.

गेल्या काही वर्षांत या चित्रपटाभोवती एक हुरहुर जमा झाली आहे आणि ती टाळण्यापेक्षा ठाऊक असलेली बरी. किल्मरला पुढे घशाचा कर्करोग झाला. उपचारांत त्याचा आवाज जवळजवळ गेला. २०२१ साली त्याच्या आयुष्यावर आलेल्या माहितीपटात त्याचे शब्द त्याच्या मुलाने वाचले. १ एप्रिल २०२५ रोजी, पासष्टाव्या वर्षी तो गेला. त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जिम अब्राहम्स गेले होते. किल्मरच्या निधनानंतर मी हा चित्रपट लावला तेव्हा आधी धाकधूक होती की आता हसू येईल का. पडद्यावर जो तरुण येतो तो चोविशीतला आहे, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संस्थेत नाट्यशिक्षण घेऊन नुकताच बाहेर पडलेला, आणि तो मोकळ्या, खणखणीत आवाजात गातो. एल्व्हिसची नक्कल म्हणून ती गाणी सुरू होतात, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत तो मनापासून गाऊ लागतो. त्या संध्याकाळी मी संगीताची बैठक ठरवली होती आणि बहुतेक वेळ केवळ त्याचा आवाज ऐकला.

चित्रपट संपल्यावर लगेच दिवा लावू नये आणि पडदाही बंद करू नये. श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू द्यावी, कारण दिग्दर्शकांनी तिच्यातही गमतीच्या ओळी दडवून ठेवल्या आहेत आणि त्या वाचायच्या तर नजर शेवटच्या नावापर्यंत तशीच जागी ठेवावी लागते. दुसऱ्या खोलीतला फोन त्या रात्री तेथेच राहू द्यावा.